लहान बास

बँडमास्टर मडिवाळप्पा सर ते बोलले तेव्हा पूनम युफोनियम या पितळी वाद्याच्या नळीत साठलेलं पाणी काढत होती, आणि तिचा हात थांबला नाही. थांबला असता तर सगळ्यांना कळलं असतं. "उद्या सकाळी पूनम वाजवून बघंल," सर म्हणाले, "हिला झेपलं म्हणजे कुणालाबी झेपंल, काय? सेक्रेटरीसाहेबच तसं म्हणाले की." तालमीच्या खोलीत बसलेली माणसं हसली. मोठ्यानं नव्हे, नाकातून, जेवण झाल्यावर माणूस हसतो तसं सुस्त. ढोलवाला हसला, ट्रम्पेटवाले हसले, आणि पूनमही हसली. एप्रिलमधली दुपार होती. पत्र्याखाली पितळेला हात लावला की ताप आलेल्या अंगाला लावल्यासारखं वाटत होतं. पाणी काढून झालं तरी ती कळ दाबून नळी खाली धरूनच बसली होती, आणि आपण हसलो हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ओठ अजून तसेच ताणलेले होते. ते जागेवर आणायला तिला प्रयत्न करावा लागला. बाकीच्यांनी हसावं, त्याचं काही नाही. पण आपलं तोंड आपल्याला न विचारता त्यांच्यात जाऊन बसलं, हे तिला चावलं.

कोपऱ्यात काळी पेटी ठेवलेली होती. पुण्याच्या दुकानदाराच्या माणसानं ती सकाळीच आणली होती. आत ट्यूबा होता. पथकात सगळे त्याला बास म्हणत, कारण बँडचा सगळ्यांत खालचा, जाड सूर त्यातून निघतो आणि बाकीचे सूर त्यावर उभे राहतात. पण हा लहान घडणीचा होता. नळी मोठ्या बासइतकीच लांब आहे, असं तो माणूस सांगत होता, फक्त जास्त वेढे देऊन आखडून बसवली आहे; मांडीवर घ्यायला सोपा, घेऊन चालायला सोपा, गाडीत चढवायला सोपा. शिक्षणसंस्थेच्या बँडकडे आजवर एकच बास होता, जुना आणि भला थोरला, आणि तो वाजवणारा माणूसही एकच होता, संगप्पा. गेल्या दिवाळीनंतर संगप्पाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला वजन उचलायची मनाई केली. तेव्हापासून तो तालमीत खुर्चीवर बसून तेवढा वाजवायचा. मिरवणुकीत बँड बासशिवाय चालायचा, आणि ऐकणाऱ्याला काय कमी आहे ते कळत नसलं तरी काहीतरी कमी आहे एवढं कळायचं. लहान बास घ्यावा की नाही हे संगप्पाला विचारण्यात अर्थ नव्हता. तो हो म्हणणारच, हे सेक्रेटरींना ठाऊक होतं. म्हणून पूनम. पथकातली एकटी बाई, आणि अंगानं सगळ्यांत बारीक. कापड मोजायला गज लागतो, तसं त्यांना एक बारीक माणूस लागत होतं.

ती पिशवी घेऊन बाहेर पडली तर सायकल स्टँडच्या सावलीत संगप्पा उभा होता. मोठ्या हाडाचा माणूस. ऑपरेशननंतर पोट सैल पडलं होतं आणि शर्ट त्याला दुसऱ्या कुणाचा असावा तसा दिसायचा. एक खांदा दुसऱ्यापेक्षा चांगलाच खाली होता. तो आपल्याशी बोलायला थांबला असेल असं तिला वाटलं नाही. तीन वर्षांत तो तिच्याशी कामापुरतंही बोलला नव्हता. बोलायचं असलं तर तिच्या डोक्यावरून मागच्या माणसाशी बोलायचा.

"ए," तो म्हणाला. तिनं चपलेचा अंगठा नीट केला. "पूनम," तो परत म्हणाला.

"काय, मामा?"

"उद्या चांगलं हाय म्हण."

"वाजवल्याबिगर?"

"वाजव की. वाजवून म्हण." तो रस्त्याकडं बघत होता. "न्हाय घेतलं तर मला हॉस्टेलच्या गेटवर बसवत्यात. येनारं जानारं बगायचं. सेक्रेटरी बोललाय तसं. तू काय लई डोकं लावू नको, तंगी."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. पथकातले अक्कलकोटकडचे लोक आपसात कानडी बोलत, आणि एवढे शब्द पूनमला कळायला लागले होते. तो शब्द तिच्या कानात शिरला आणि आत कुठंतरी अंग चोरून बसला. तीन वर्षं ती त्याची कोणी नव्हती, आणि आज धाकटी बहीण. त्याची विनवणीसुद्धा हुकमासारखी होती. खरं तर तिला विनवणीच ऐकायची होती. त्यानं मान खाली घालून, आवाज उतरवून मागितलं असतं तर आपण काय केलं असतं ते तिला बघायचं होतं.

"बगते," ती म्हणाली.

"बगते म्हंजे?"

"वाजवून बगते," असं म्हणून ती चालू लागली.

शुक्रवार पेठेतल्या घरी जायला तिला बस मिळाली असती, पण ती चालत निघाली. डांबराची झळ साडीच्या काठाखालून पायांना लागत होती आणि डोक्यात संस्थेच्या आवारातला तो नळ वाहत होता. तो नळ गेले काही महिने असाच केव्हाही सुटायचा. भाजी चिरताना, बसमध्ये, देवळाबाहेर चपला काढताना. संगप्पा ऑपरेशनसाठी रजेवर गेला तेव्हा मोठा बास सामानाच्या खोलीत नुसता पडून होता. तिनं सरांना विचारलं होतं, मी बघू का वाजवून. सर म्हणाले, तुला झेपायचं नाही. मग ती जेवणाच्या सुट्टीत खोलीचं दार लोटून घेऊन बसू लागली. पहिला सूर निघाला तो कानांना ऐकू येण्याआधी खुर्चीतून तिच्या कमरेत आला, आणि तिथून पाठीच्या मणक्यातून वर चढला. युफोनियमचा आवाज समोर जातो. हा आवाज माणसाच्या खाली जमिनीसारखा पसरत होता. हनुवटी वर करून, गुडघे फाकवून, त्या पितळेला दोन्ही हातांनी कवटाळून ती रोज वाजवत राहिली. ओठ सुजायचे. संध्याकाळी पाण्याचा पेला लावला तरी ठणकायचे. तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तिला असं काही आजवर कधी एकटीचं मिळालं नव्हतं.

मग संगप्पा परत आला. पहिल्याच दिवशी त्यानं बास मांडीवर घेतला, तोंडाला लावला, आणि लगेच काढला. माउथपीस नाकाशी नेला. सगळे चहा घेत होते. तो उठला आणि बास दोन्ही हातांनी धरून, वजन उचलायची मनाई असताना, आवारातल्या नळाकडे गेला. त्या आठवड्यात शहरात पाणी आलं नव्हतं, संस्थेनं टँकर मागवला होता, हातपायसुद्धा जपून धुवा असं शिपाई सांगत फिरत होता. संगप्पानं माउथपीस कपड्याच्या साबणानं घासला, धुतला, परत घासला. मग बादली भरून बासच्या तोंडात ओतली आणि नळ्यांमधून खळखळ करून बाहेर काढली. परत भरली, परत ओतली. त्यानं पूनमकडं एकदाही बघितलं नाही. सरांनी विचारलं, "काय संगप्पा, न्हाऊ घालतोस काय त्याला?" तो म्हणाला, "घान झालतं." एवढंच.

तो शब्द तिनं किती वेळा उलटून पालटून बघितला होता. बाईनं तोंड लावलं म्हणून घाण? धनगराच्या पोरीनं लावलं म्हणून? की खोलीत पडून नुसती धूळ, जळमटं झाली होती म्हणून? तो मुळातच आपल्या बासला कुणाला हात लावू द्यायचा नाही, हेही खरं होतं. एकच कारण असतं तर राग मुठीत धरता आला असता. तीन कारणं असल्यानं तो बोटांतून सांडायचा, आणि दर वेळी नवा गोळा करावा लागायचा. ती त्याच्या शेजारी बसून वाजवायची, आणि याहून वाईट म्हणजे त्याचा सूर तिला आवडायचा. तो एका श्वासात सूर असा धरायचा की त्याला सुरुवात नसायची. त्या सुराचा तिला द्वेष करता येत नव्हता, म्हणून ती माणसाचा दुप्पट करायची.

घरी आल्यावर कुर्डुवाडीहून तिच्या नवऱ्याचा, माउलीचा, फोन आला. तो रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता, शनिवारी रात्री घरी यायचा. तिनं भाकरीचं पीठ मळत, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून, नव्या बासचं सांगितलं. सरांचं वाक्य सांगितलं नाही. संगप्पानं गाठलं तेवढं सांगितलं.

"मग म्हन की चांगलं हाय," माउली म्हणाला. "तुजं काय जातंय?"

"त्याचं भलं व्हतंय त्यात."

"होऊ दे की. म्हातारा मानूस हाय."

"म्हातारा कसला. पन्नाशीचा हाय."

"हलकं हाय का पन ते?"

"अजून उचललं न्हाय मी."

माउली हसला. तो सगळ्यांचं भलं होऊ द्यायचा. तिकिटाच्या रांगेत घुसणाऱ्याचं, रिक्षाचे जास्त पैसे घेणाऱ्याचं. त्याचा हा चांगुलपणा लग्नाच्या वेळी तिला सावलीसारखा वाटला होता, आणि आता कधीकधी तोंडावर उशी दाबल्यासारखा वाटायचा. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि नंतर फोन करते म्हणाली.

संगप्पाला गेटवर बसवायचं तर फार काही करावं लागणार नव्हतं. तीन शब्द. मला जड जातंय. एवढं म्हटलं की सेक्रेटरी मान हलवणार, पेटी पुण्याला परत जाणार, आणि संगप्पा निळ्या टोपीत हॉस्टेलच्या दारात खुर्ची टाकून बसणार. भाकरी फुगली तशी ती कल्पना तिच्या आत फुगली. गरम, पोकळ, चांगली. पण ते तीन शब्द तिच्या तोंडून निघायला हवे होते, आणि हे सकाळी तिच्या लक्षात आलं, संस्थेकडे चालत जाताना. ती ते शब्द ओठांनी जुळवून बघत होती आणि ओठ जुळत नव्हते. मला जड जातंय. मला झेपत न्हाय. हे ती आयुष्यात कुणाला म्हणाली नव्हती. गॅसची टाकी जिन्यावरून वर नेताना नाही, सासरी पाण्याचे हंडे नेताना नाही. त्या माणसाला दुखवायला तिच्याकडे एकच हत्यार होतं आणि त्याला मूठच नव्हती. दोन्ही बाजूंनी पातंच.

सांगोल्याकडच्या माळावर, ती पाचवी-सहावीत असताना, एका ओढ्यात कळपातल्या मेंढीचा पाय मोडला होता. बाप, ज्ञानू, पुढच्या कळपामागे जायच्या घाईत होता. म्हणाला, "हितंच बस हिच्याजवळ. तुला झेपायची न्हाय. मी येतो मागारी." तो दिसेनासा झाल्यावर पूनम मेंढीच्या पोटाखाली शिरली, तिचे चारी पाय आपल्या छातीपुढं धरले आणि उठली. मेंढी मानेवर आडवी, जिवंत, ऊन ऊन. तिचं पोट पूनमच्या मानेवर धपापत होतं, लोकरीचा तेलकट वास नाकात, कानापाशी तिचा श्वास. मध्येच मेंढी मुतली आणि ती धार पाठीवरून खाली चड्डीपर्यंत गेली. पूनम थांबली नाही. थांबली तर परत उचलता येणार नाही हे तिला कळत होतं. वस्ती दिसायला लागली, चहाच्या टपरीवर बसलेली माणसं दिसायला लागली, आणि तेवढ्यात बाप समोरून आला. त्यानं मेंढी तिच्या मानेवरून काढली, आपल्या मानेवर घेतली आणि टपरीवरून पुढं गेला. कुणीतरी म्हणालं, "ज्ञानू, लई लांबनं आनलीस रं." बाप हसला. मागून पूनम चालत होती, ओली, मुताचा वास मारत, एकाएकी इतकी हलकी झालेली की पाय जमिनीवर नीट पडत नव्हते. आईनं, तानाबाईनं, संध्याकाळी तिला घासून अंघोळ घातली आणि कुटं लोळून आलीस म्हणून दोन धपाटे दिले. पूनमनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाप नाही म्हणाला नसता, नुसता हसला असता. ते हसणं तिला नको होतं.

मैदानावर सेक्रेटरी व्हरांड्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते, हातात मोबाइल. दुकानाचा माणूस पेटी उघडत होता. पथक अर्धवर्तुळात उभं होतं, लग्नात नवरी बघायला उभे राहतात तसं. संगप्पा लांब, लिंबाच्या झाडाखाली, पाठ करून मोठ्या बासच्या कळांना तेल देत होता. पूनम खुर्चीवर बसली आणि लहान बास तिच्या मांडीवर आला.

तो बसला. एवढंच झालं, तो बसला. मोठ्या बासला तिला हनुवटी वर करावी लागायची. इथं माउथपीस आपण होऊन ओठांसमोर आला. उजवा हात कळांवर गेला तिथं कळा होत्या. डाव्या हाताला धरायला जागा होती. तिनं सगळं अंग लढाईसाठी आवळून आणलं होतं आणि समोर कुणी नव्हतंच. भरलेली समजून जोरानं उचललेली घागर रिकामी निघावी तशी ती आतल्या आत तोल जाऊन सावरली. तिनं फुंकलं. सूर निघाला, गोल, सरळ, मागितलेला. तिला राग आला. हे इतकं सोपं असू शकत होतं, आणि तरीही वर्षानुवर्षं कुणाचे तरी खांदे उतरत होते, पोटं फाटत होती, आणि तुला झेपायचं नाही असं सांगितलं जात होतं. ती खाली खाली सूर घेत गेली. अगदी तळाला तो जरा दबत होता, घसा धरलेल्या माणसासारखा. मोठ्या बासचा तळ असा नव्हता. तो उघडा होता. हा दोष खरा होता, सांगण्यासारखा होता. तिनं तो लक्षात ठेवला.

"उठून चाल बघू आता," सर म्हणाले. तिनं पट्टा लावला आणि वाजवत मैदानाला फेऱ्या मारल्या. मग पेटीत घालून पेटी एका हातानं टेम्पोत चढवली, उतरवली. दुकानाचा माणूस प्रत्येक गोष्टीला "बघा" म्हणत होता. बघा, एका हातानं. बघा, दम लागलेला नाही. तो तिच्याबद्दल बोलत होता की बासबद्दल, ते कळत नव्हतं. संगप्पा आता वळला होता. तेलाची बाटली हातात धरून तो तिच्याकडं बघत होता. तिच्या डोक्यावरून नव्हे, तिच्याकडं. तो घाबरलाय, हे तिला दिसलं, आणि ते बघायला बरं वाटलं.

"काय मग?" सेक्रेटरी म्हणाले. "कसं आहे?"

"मला," ती म्हणाली, आणि थांबली.

"जड जातंय ना?" सेक्रेटरी लगेच म्हणाले, समजुतीनं, मान थोडी वाकडी करून. "सांग, सांग. त्यात लाजायचं काय? शेवटी बाईच्या जातीला..."

ते शब्द तिनं म्हणायच्या आधीच त्यांनी तयार करून ठेवले होते. तिनं फक्त मान हलवायची होती. त्या वाकड्या मानेकडे, त्या दयाळू चेहऱ्याकडे ती बघत राहिली आणि आपण खोटं बोललो तर ते किती पटकन खरं होईल ते तिला दिसलं. संगप्पावरचा राग एका बाजूला तसाच राहिला आणि त्याच्याशेजारी दुसरा येऊन उभा राहिला, त्याच्याहून उंच.

"न्हाय," ती म्हणाली. "सोपं हाय. तळाचे सूर जरा दबतात. बाकी लई सोपं हाय. कुणीबी वाजवंल."

"झालं तर," सेक्रेटरी उठत म्हणाले. "मी म्हणालो नव्हतो, मडिवाळप्पा? हिला जमलं म्हणजे प्रश्नच मिटला."

सेक्रेटरी जायला निघाले होते. पूनमनं लहान बास खुर्चीवर ठेवला आणि ती लिंबाकडं चालत गेली. संगप्पासमोरून तिनं मोठा बास उचलला. त्याचा हात नुसता पुढं आला आणि परत गेला. तिनं पट्टा खांद्यात अडकवला. पट्टा त्याच्या मापाचा, बास तिच्या मांड्यांपर्यंत लोंबला. कडा बरगडीत रुतली. तिनं हनुवटी वर केली आणि मिरवणुकीत वाजवतात त्या चालीचा खालचा भाग वाजवत मैदानाच्या कडेनं निघाली. जमीन परत खाली पसरली, ओळखीची. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत पट्ट्यानं खांदा कापायला सुरुवात केली, श्वास पुरेना, वळणावर एक सूर फाटला आणि रेड्याच्या ओरडण्यासारखा निघाला. तोंडात रक्ताची चव आली. ती व्हरांड्याकडे आली तेव्हा सेक्रेटरी फोनवर बोलत होते, कुणाच्या तरी प्रवेशाबद्दल. ती त्यांच्यासमोर वाजवत उभी राहिली. त्यांनी एका कानावर हात ठेवला. मग फोन खाली केला.

"हे काय आता?"

"हेबी झेपतंय," ती म्हणाली. दम लागला होता, शब्द तुटून येत होते. "मला हे द्या. ते लहान संगप्पा मामांस्नी द्या. आता त्यांच्यानं तेवढंच उचलंल."

माणसं हसली. यावेळी मोठ्यानं. तिनं त्यांना हसवलं होतं. त्या हसण्याची ऊब तिला सबंध अंगावर जाणवली, आणि ती तिला सोडवेना. संगप्पा लिंबाखालून निघाला आणि चालत आला, सावकाश, एका हातानं पोट धरून. तो आता आपल्याला काहीतरी बोलेल म्हणून तिनं अंग ताठ केलं. तो तिच्यावरून पुढं गेला. खुर्चीवरचा लहान बास त्यानं उचलला, बसला, आणि माउथपीस तोंडाला लावला. तिच्या थुंकीनं ओला होता तो. त्यानं पुसला नाही. शर्टाच्या टोकानंसुद्धा नाही. त्यानं तो सुरुवात नसलेला सूर काढला आणि त्या अडलेल्या तळालाही कसं कोण जाणे उघडं केलं. पूनम मोठा बास अंगावर घेऊन उभी होती. हे त्यानं घाईत केलं, मुद्दाम केलं, की लाचारीनं, तिला कळेना. परत तीन कारणं. सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, बघा तुम्ही काय ते," आणि गेले. सर तिच्याजवळ येऊन हळू म्हणाले, "काय गरज होती गं एवढं बोलायची?" तिनं ऐकलं नसल्यासारखं केलं.

लहान बास घेतला गेला. संगप्पा गेटवर बसला नाही. पूनमचं युफोनियम एका नव्या माणसाला दिलं आणि मोठा बास तिच्या नावावर आला. पूर्वी एकच बास असलेलं पथक आता दोन बास लावून निघू लागलं, आणि मांडणीत दोघांची जागा शेजारी आली. संगप्पा तिच्याशी बोलत नव्हता. पण आता तो तिच्या डोक्यावरूनही बोलत नव्हता. तो नुसता वाजवायचा. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. लग्नसराईत रोज कुठं ना कुठं उभं राहावं लागायचं, आणि तिचा खांदा पट्ट्याखाली आधी लाल, मग जांभळा, मग काळा पडला. शनिवारी माउलीनं तो बघितला. त्यानं खोबरेल तेल कोमट केलं आणि तिच्यामागं बसला. त्याची बोटं लोखंडाचं काम करणारी, खरखरीत, पण तो ती इतकी हळू फिरवत होता की तिला ओरडावंसं वाटलं.

"त्यांच्याकडनं ते लहान मागून घे की," तो म्हणाला. "मामास्नी बसल्या जागी मोटं वाजवू दे. न्हायतर दोगं आळीपाळीनं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवडं कळतंय की कातडं निगालंय."

"निगू दे."

"कुनासाटी पन?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं असं तिला वाटलं होतं. तिनं ते शोधलं आणि ते जिथं ठेवलं होतं तिथं सापडेना. ती उठली, पदर खांद्यावरून ओढला, तेल पदराला लागलं. माउलीनं ताट स्वतः घासलं.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी संस्थेची मिरवणूक निघाली. पार्क चौकातून पुढं रस्ता अरुंद होता, माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर उभी होती. पूनमचा श्वास लवकर संपू लागला होता. लांब सुरांच्या मधेच तिला तो घ्यावा लागायचा, आणि जिथं ती तोडायची तिथं शेजारून सूर येऊन ती फट भरून काढायचा. आधी तिला वाटलं योगायोग. मग लक्षात आलं, संगप्पा तिचा श्वास ऐकत होता. ती कुठं तुटणार ते त्याला तिच्या आधी कळत होतं, आणि तो तेवढ्यापुरता वाढत होता, परत मागं जात होता. रस्त्यावरच्या माणसाला वाटत असेल दोन बास अखंड वाजताहेत. त्यानं तिला चुकू द्यायला पाहिजे होतं. चुकू दिलं असतं तर तिला त्याचा राग करता आला असता, साधा, घट्ट, एका कारणाचा. हे जे तो करत होता त्याला हात कुठून लावायचा तेच कळत नव्हतं, आणि याआधी त्यानं केलेलं काहीही तिला इतकं सहन न होणारं वाटलं नव्हतं.

उसाच्या रसाच्या गाड्यापाशी पथक थांबलं. सर पुढं जाऊन पोलिसाशी बोलत होते. पूनमनं बास खाली टेकवला आणि खांदा मोकळा केला. ब्लाउजचं कापड कातड्याला चिकटलं होतं, ते सुटताना डोळ्यांत पाणी आलं. संगप्पानं रसाचा पेला संपवला, गाड्यावर ठेवला.

"पट्टा रोज त्याच खांद्यावर घेऊ नको," तो म्हणाला. तो तिच्याकडं बघत नव्हता, पण तिच्याशीच बोलत होता. "माजा तसाच उतरलाय. कोन सांगनारं नव्हतं मला. एक दिस ह्यो, एक दिस त्यो, असं कर." त्यानं आपल्या खाली आलेल्या खांद्यावर हात ठेवला, सवयीनं, आणि काढला. आवाजात काही नव्हतं. टोमणा नव्हता, माया नव्हती. तंगी म्हणाला नाही.

तो खरं सांगत होता. तिला हे इतकं स्वच्छ कळलं की क्षणभर हातातला पट्टा आपोआप दुसऱ्या बाजूला निघाला. पुढं सरांनी काठी वर केली. ढोलवाल्यानं कातड्यावर बोट मारून बघितलं. पूनमनं बास उचलला, पट्टा परत ओढून घेतला, त्याच खांद्यावर, त्याच काळ्या जागेवर ठेवला, आणि बकल आणखी एक भोक आत घेऊन आवळलं.